तिरपं लाकूड

"टेपचं खालचं टोक तुम्ही धरा," साहेब म्हणाले.

सून उकिडवी बसली आणि टोक जमिनीशी दाबून धरलं. सहा महिन्यांत ही तिसरी खेप. या जागेची मापं तिला आता पोरांच्या जन्मतारखांसारखी पाठ झाली होती.

"अठ्ठेचाळीस इंच," साहेबांनी आकडा वाचायच्या आधीच ती म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळेला तेवढंच भरलं होतं. तीनशे वर्षांचं लाकूड आहे, साहेब. आता कुठे वाढणार?"

बाजूला उभ्या सुतारानं मिशीतल्या मिशीत हसू दाबलं. तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून आला होता. या घरात त्याची ही पहिलीच वेळ.

घराचा सांगाडा सगळा लाकडी. खांबावर तुळई, तुळईवर खांब, मधल्या चौकटींत माती लिंपलेली. लोखंडाचा खिळा औषधालाही नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर तोललेले. दारावर संरक्षित वास्तूची पाटी; घरात काही बदलायचं तर साहेबांच्या खात्याची परवानगी लागायची. ती पाटी लागल्यापासून घराचं संरक्षण झालं होतं आणि घरातल्या माणसांचे हाल.

सासूबाईंचे पाय गेल्या वर्षी गेले. त्यांची खोली वर, जिना शिडीसारखा उभा, चौदा पायऱ्यांचा. खाली मागच्या बाजूला हवेशीर खोली होती, शेजारीच न्हाणीघर. पण त्या खोलीच्या वाटेवर दोन खांबांमध्ये हे तिरपं लाकूड आडवं आलेलं. चाकाची खुर्ची काही केल्या जाईना. एवढं एक लाकूड निघालं असतं, तर म्हातारी जमिनीवर आली असती. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या प्रार्थनाघरात संध्याकाळी देवाची गाणी होत, तिथे रोज खुर्चीत बसून गेली असती. आता वाऱ्याबरोबर खिडकीतून एखादी ओळ यायची, आणि आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी पाठीवर बसून खाली उतरायला मिळायचं. उरलेले सहा दिवस ती छताच्या तुळया मोजायची.

"कोण आलंय गं?" वरून हाक आली.

"साहेब आलेत!"

"काय म्हणतो?"

"मोजतायत!"

"मोजू दे. चहा पाज त्याला. सकाळपासून पोटात काही नसेल."

सुतार आता मोकळेपणानं हसला. "आजी साहेबांनासुद्धा अरेतुरे करतात की!"

"त्यांच्यापुढे सगळं जगच शेंबडं," सून म्हणाली.

साहेबांनी वहीत आकडा लिहिला. मग दोन बोटं सांध्यावरून फिरवली, देवाच्या मूर्तीवरून फिरवावीत तशी. "या तीन खाचा पाहिल्यात? ज्यांनी हे बांधलं त्यांनी आधी सगळं जमिनीवर जुळवलं, प्रत्येक सांध्यावर खूण केली, सुटं केलं, आणि मग उभं केलं. ही त्यांची खूण."

"तेच सांगतोय मी," सुतार पुढे झाला. "परत जुळवता यावं म्हणूनच ना खुणा केल्या? मी करवत लावणारच नाही. दोन खुंट्या ठोकून काढतो, लाकूड अलगद उतरवतो, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवतो. तोवर वरच्या तुळईला धिरा देतो. आजींचं झालं की… म्हणजे पुढे कधी गरज सरली, की होतं तसं बसवून देतो. त्या कारागिरांचा आत्मा असेल कुठे, तर खूशच होईल."

साहेबांनी एका खुंटीवर अंगठा दाबून पाहिला. सुनेला क्षणभर वाटलं, पाझर फुटला.

"नियमात 'तोडणे' नाही लिहिलेलं. 'हलवणे' लिहिलंय."

"अहो, पण माणूस आहे वर!"

"समोरच्या बेकरीवाल्याला मी खिडकी मोठी करू दिली नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याला पायरी नाही दिली. या गल्लीतली सात घरं मी अडवलीत. या घराला सही दिली, तर लोक काय म्हणतील, हे तुम्हाला कळतं."

"कळतं. चांगलंच कळतं." तिचा आवाज चिरकला. "मग दुसऱ्या कुणाकडे पाठवा अर्ज!"

"दोनदा पाठवला वर. दोन्ही वेळा 'स्थानिक अधिकाऱ्यांनी ठरवावे' म्हणून परत आला. इथे अधिकारी मी एकटाच आहे."

"तुमची स्वतःची आई अशी माळ्यावर अडकली असती तर?"

पेन्सिल थांबली. सुतारानं अवघडून हत्यारांची पिशवी उचलली.

"तरी नियम तोच राहिला असता," साहेब म्हणाले.

"बाई, मी निघतो," सुतार हळूच म्हणाला. "तुमच्या यजमानांना तरी सांगून बघा. पुरुषानं पुरुषाला समजावलं तर…"

"त्यांना काय सांगायचं? त्यांचं सगळं कायद्यातच बसतं."

सुतार गेला. साहेबांनी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं, तारीख घातली आणि पोच घ्यायला कागद पुढे केला. तिनं इतक्या जोरात सही केली, की कागद फाटला.

"आज गाण्यांना जायचंय ना गं?" वरून पुन्हा हाक.

"हो!" ती कशीबशी ओरडली.

पाच वाजले. साहेबांनी फाइल बांधली, कोट काढून दाराआडच्या खुंटीवर टांगला आणि भिंतीला हात लावत चौदा पायऱ्या चढले. ती मागोमाग गेली. ते पलंगाला पाठ करून खाली बसले आणि म्हणाले, "आई, धर मानेला. उशीर होतोय."