चित्रात आहे तसंच

शाळाशाळांमधले संगणक म्हणजे एकाचं तोंड इकडे, तर दुसऱ्याचं तिकडे. कुठे आजोबांच्या वयाचा डबा, कुठे पाटीएवढा टॅब. या सगळ्यांवर चालतील अशा सूचना लिहिताना शिक्षण खात्यातल्या एका कारकुनाच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने ऑफिसातल्या स्वतःच्याच संगणकाच्या स्क्रीनची चित्रं चिकटवली आणि वर ठळक लिहिलं, 'चित्रात आहे तसंच करा.'

आज साहेब त्याला घेऊन एका शाळेत सूचना तपासायला निघाले. गाडीत टोपी सावरत म्हणाले, "बढतीसाठी तुझंच नाव सुचवलंय रे. मुलासारखा आहेस मला."

वर्गात तर कमालच होती. डबा असो की टॅब, एकाही मुलाचं कुठे अडलं नव्हतं.

"फोल्डरचं नावसुद्धा चित्रातलंच दिलंय, सर," बाई कौतुकाने म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा लावून पहिला स्क्रीन वाचला. मग दुसरा. मग तिसरा. सगळीकडे एकच फोल्डर होतं: 'टकल्याची कटकट'.

त्याला धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं.



साहेबांनी टोपी काढून घाम पुसला, तेव्हा कुठे मुलांना त्या नावाचा अर्थ लागला.