मुलं दोन, शक्यता निम्मी

बाबांचे हात शेवटी इतके थरथरत की कपाचा कान सापडत नसे. हा आजार मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी, असं कळल्यावर आम्ही घरच्या घरी गणित सोडवलं: मुलं दोन, म्हणजे एकालाच होणार. माझा अहवाल चांगला आला, तेव्हा मी ताईची माफी मागितली. तिनेही मोठ्या मनाने मला स्वतःची स्कूटर देऊन टाकली. आज डॉक्टरबाईंनी तिचा लिफाफा उघडला. “तुमच्यातही सदोष जनुक नाही.” ताई संशयाने म्हणाली, “नीट बघा. याच्याकडेही नाही. मग गेलं कुठे?” “कुठेच नाही. प्रत्येक मुलासाठी नाणं नव्याने उडतं. दोन्ही वेळा वडिलांचं चांगलं जनुक आलं.” ताईने कागद तीनदा वाचला. मग खुर्चीत सैल पडून ती हसू लागली. “म्हणजे ते बाबांनीच ठेवून घेतलं. उभ्या जन्मात त्यांनी स्वतःसाठी राखलेली एकमेव गोष्ट!”