हलू नका

"हलू नका हं आता," असं बजावून सिस्टरांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

स्टँडवरचा कॅमेरा दोनदा टिकटिकला, मग खट्ट झालं. वेताच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याने मोठा सुस्कारा सोडला. सिस्टरांनी चष्मा कपाळावर ढकलून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत पाहिलं. नवऱ्याचा चेहरा कुणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा आला होता.

"आला का?"

"कुठला येतोय! माझंच काहीतरी चुकतंय."

अडतीस वर्षं इस्पितळात नर्स असलेल्या बाईंना निवृत्तीनंतरही गल्ली सिस्टरच म्हणत होती. नवराही म्हणायचा, फक्त जरा खोडसाळपणे. मुलीने आपला जुना कॅमेरा दिला, तसा सिस्टरांनी शनिवारचा फोटोग्राफीचा वर्ग धरला. पहिल्याच तासाला त्यांनी मास्तरांची शाबासकी मिळवली. अ‍ॅपर्चरचा आकडा वाढवला की उजेड आत घेणारं भोक लहान कसं होतं, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. सिस्टर म्हणाल्या, "त्यात काय एवढं? इंजेक्शनच्या सुईसारखंच. आकडा मोठा, सुई बारीक." मास्तरांनी ते फळ्यावर लिहून ठेवलं.

घोडं पेंड खात होतं ते पहिल्या धड्यावर. घरातल्या माणसाचा एक फोटो काढायचा. खिडकीचा उजेड, फ्लॅश नाही, उजेड वाढवणाऱ्या आयएसओला हात लावायचा नाही. तो जमला की पुढचा धडा फुलांचा. बाकीचे फुलं उरकून पक्ष्यांपर्यंत पोचले होते. सिस्टर चार आठवडे नवऱ्यापाशीच अडकल्या होत्या.

पण हार मानतील तर त्या सिस्टर कसल्या! त्यांनी तापाचा असतो तसा तक्ता आखून भिंतीला लावला. दोन औषधं एकदम बदलायची नाहीत, ही जुनी शिस्त. सोमवारी फक्त अ‍ॅपर्चर बदललं. मंगळवारी फक्त शटर. ते भरभर केलं तर फोटो काळाकुट्ट, सावकाश केलं तर उजेड छान आणि नवरा पुसट. बुधवारी झूमची फोकल लेंग्थ अठरावर आणून त्या जवळ गेल्या, तर नवऱ्याच्या नाकाचा बटाटा झाला. पंचावन्नवर नाक जागेवर आलं, पण तेही पुसटच.

रोज चारच्या ठोक्याला नवरा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत हजर असे. सिस्टर त्याची कॉलर सरळ करत, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवत, कानाजवळचे उभे राहिलेले केस चापून बसवत. मग डोळे बारीक करून बघत राहत. याआधी त्यांची ड्यूटी असायची आणि त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, त्यातली निम्मी एकमेकांना घराची किल्ली देण्याघेण्यात गेली होती.

शुक्रवारचा फोटोही बिघडला, तेव्हा सिस्टरांना रडूच आलं. कितीही बारीक शीर असो, पहिल्या टोचणीत सापडवणारी बाई, आणि तिला खिडकीशी बसलेला नवरा सापडत नव्हता.

"उद्या मास्तरांना शेवटचं विचारते," त्या म्हणाल्या. "नाहीतर कॅमेरा लेकीला परत. या वयात शिकायला निघाले, हेच चुकलं माझं."

नवरा गडबडला. "एवढ्यात कशाला? बघू की अजून महिनाभर. मला काही घाई नाही."

शनिवारी मास्तरांनी सगळे फोटो पडद्यावर मोठे करून पाहिले.

"सिस्टर, खुर्चीची वेताची वीण बघा. एकेक काडी मोजता येतेय. शर्टाचं बटणही स्वच्छ आहे. कॅमेरा हलला असता तर हेही हललं असतं. तुमचं काही चुकलेलं नाही, तुमचा माणूस मान हलवतोय."

"शक्यच नाही," सिस्टर उसळून म्हणाल्या. "घड्याळजी आहेत ते! केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून तासन्‌तास बसायचे. नाकावर माशी बसली तरी ते…"

वाक्य अर्धवटच राहिलं. वर्ग हसू लागला. सिस्टरांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि तास संपायच्या आत तरातरा घर गाठलं.

चार वाजायला आले होते. नवरा खुर्चीत तयार बसला होता.

"मुद्दाम हलत होता ना तुम्ही?"

नवऱ्याने आधी खिडकीकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. सुटायला वाव नव्हता.

"पहिल्या दिवशी खरंच शिंक आली होती," तो म्हणाला.

"आणि नंतर? चार आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते. काल रडले मी तुमच्यासमोर!"

"ते चुकलंच माझं. काल रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आज सांगणारच होतो."

"काय सांगणार होता?"

नवऱ्याची मान खाली गेली.

"पहिला बिघडला म्हणून दुसऱ्या दिवशी तू परत कॉलर सारखी केलीस, हनुवटी धरलीस, अर्धा तास नुसती माझ्याकडे बघत राहिलीस. नीट आला असता, तर तिसऱ्या दिवशी बघितलं असतंस?"