तुरटीची परीक्षा

"बूट काढा मॅडम, डेकचं लाकूड नाजूक आहे," असं कप्तान म्हणेपर्यंत बाई बूट हातात घेऊन आतसुद्धा गेल्या होत्या.

मालक मागोमाग धावला. एरवी त्याच्यामागे माणसं धावत. पण आज गरज त्याची होती. बाई बोटींची परीक्षणं लिहीत. त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'तुरटी' म्हणत, कारण त्या एकदा फिरून गेल्या की कुठल्या बोटीत किती गाळ आहे ते स्वच्छ दिसे.

मालकाला ना बोट विकायची होती, ना मासिकात फोटो हवा होता. त्याला बायको हवी होती. जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं त्याने पक्कं केलं होतं, बोट सामानाने गच्च भरली होती, आणि बायको किनाऱ्यावर अडून बसली होती.

"तुमच्या शब्दावर आता मी पाऊलसुद्धा टाकणार नाही," ती फोनवर म्हणाली होती. "त्या परीक्षण करणाऱ्या बाईंना माझ्या ओळखीने पाठवते. त्यांनी बोट भरवशाची म्हटली, तर बघू."

एवढ्या मोठ्या टेबलाशी एकट्याने जेवून त्याला अन्न गोड लागेनासं झालं होतं. ती यायलाच हवी होती.

बाईंनी काही सोडलं नाही. इंजिनाच्या खोलीत कोपऱ्यावरून हाताचं बोट फिरवून ते नाकाशी नेलं. डिझेलच्या टाक्या, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र, महिनोन्‌महिने भाजी टिकवणारी थंड खोली, सगळं उघडून पाहिलं. पाहुण्यांच्या खोलीत तर त्या पलंगावर आडव्या झाल्या.

"दिवा डोळ्यांवर येतो."

"बदलतो," मालक नव्या जावयासारखी मान डोलवत म्हणाला. आयुष्यात त्याने कुणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

तळाशी उतरल्यावर बाईंनी भिंतीवर टकटक केलं.

"पत्रा जाड आहे."

"बर्फावर आदळली तरी पोचा येणार नाही. लोखंडात मी हात आखडता घेत नाही."

"काम स्वतः बघितलंत?"

"समोर उभं राहून. अहो, जन्म गेला माझा बांधकामात. इमारती बांधल्यात मी."

"हो का," म्हणून बाई जिना चढू लागल्या.

वर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता माझी नेहमीची परीक्षा. सगळं बंद करा."

मालकाला हे ठाऊक होतं. त्याने त्यांचे लेख वाचून ठेवले होते. इंजिन, जनरेटर, नकाशा दाखवणारे पडदे, सगळं बंद. लांबच्या सफरीत कधी ना कधी सगळं ठप्प होतंच, आणि तेव्हा बोट कशी वागते तोच तिचा खरा स्वभाव, असं त्या लिहीत.

कप्तान चुळबुळला. "साहेब, इथला प्रवाह किनाऱ्याकडे ओढतो. त्यात हे धुकं. पडदे बंद केले तर आपण कुठे आहोत तेच कळायचं नाही."

किनाऱ्याच्या जवळ जायचं नाही, अशी त्याला सक्त ताकीद होती. मालक स्वतः कित्येक वर्षं जमिनीवर उतरला नव्हता. साहेबांना मातीचा वास सोसत नाही, असं म्हणून खलाशी आपसात हसत. आताही तो घुटमळला.

"राहू द्या मग," बाईंनी बूट उचलले. "न घेतलेल्या परीक्षेचा निकाल मी देत नाही."

"बंद कर रे सगळं!" मालक कप्तानावर खेकसला.

बोट शांत झाली. थर्मासमधला चहा निघाला आणि इतका वेळ मोजूनमापून बोलणाऱ्या बाई एकदम मोकळ्या झाल्या. बोट डुलते किती कमी, कपाटातलं एक भांडंसुद्धा वाजत नाही, असं काम हल्ली कोण करतं. मालक ऐकत राहिला. त्याच्याबद्दल चांगला शब्द कुणी काढून किती काळ लोटला होता! तो सुखावला, आणि सुखावलेल्या माणसाला घड्याळ दिसत नाही. कप्तान दोनदा दारात येऊन खाकरला. दोन्ही वेळा मालकाने त्याला हातानेच पिटाळलं. धुक्यात कुठेतरी इंजिनाची घरघर ऐकू आली. मासेमारीची होडी असेल, असं त्याला वाटलं.

"मग काय सांगू हिला?" शेवटी न राहवून त्याने विचारलं.

"बोट भरवशाची आहे," बाई म्हणाल्या.

त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "फोन लावतो."

"कशाला? मीच सांगेन. धक्क्यावरच उभ्या आहेत त्या."

"म्हणजे आजच येणार?"

"आजच भेटाल तुम्ही."

मालकाने आनंदाने टाळी वाजवून सगळं चालू करायला सांगितलं. पडदे उजळले, आणि कप्तानाचा आवाज चिरकला, "साहेब, आपण देशाच्या हद्दीच्या आत आलोय!"

करड्या रंगाची गस्ती नौका बोटीला येऊन चिकटली होती. गणवेशातली माणसं नाजूक लाकडावर चढत होती, बूट न काढता.

मालकाने बाईंकडे पाहिलं. त्या खाली बसून आपल्या बुटांच्या नाड्या बांधत होत्या.

"याच्या निम्मं लोखंड आमच्या इमारतीत घातलं असतंत," त्या मान वर न करता म्हणाल्या, "तर ती माझ्या लेकीवर कोसळली नसती."