उठतो आता

"बरं, उठतो आता," पीटी सर म्हणाले, आणि उठले नाहीत.

ही काही पहिली वेळ नव्हती. मघापासून हेच चाललं होतं. सर ज्यांना वहिनी म्हणत, त्यांनी कपबशा आत नेल्या, ओटा पुसला, मुद्दाम भांड्यांचा थोडा आवाजही केला. बाहेर येऊन बघतात तर सर आपले सोफ्यावर तसेच. समोर लाकडी खुर्चीत वहिनींचे यजमान, सरांच्याच शाळेतून निवृत्त झालेले ग्रंथपाल, जांभया दाबत बसले होते.

या माणसाला आज झालंय काय, वहिनींना कळेना. सर म्हणजे उभ्या उभ्या येणारा माणूस. चहासुद्धा दारातच प्यायचा आणि "येतो वहिनी" म्हणून जिना उतरायचा. सगळी हयात मैदानावर गेली. रांग चुकली की "जैसे थे!" अशी ललकारी ठोकायचे, म्हणजे सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. निम्म्या गावाला त्यांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. वहिनींचा मुलगाही त्यातलाच. इतका मोठा झाला तरी सर दिसले की अजून आपोआप ताठ उभा राहतो. त्याने घेतलेला नवा सोफा बघायला म्हणून सर आले, ग्रंथपालांनी "अहो, बसून तर बघा" असा आग्रह केला, आणि सर बसले ते बसलेच.

"वजन मात्र निवृत्त झालो तेव्हा होतं तेवढंच आहे हं माझं," सर म्हणाले. बोलायचं संपलं की ते वजनावर येत. "पण तो नवा डॉक्टर, आपलाच विद्यार्थी, काय म्हणतो माहितीये? म्हणे, वजन तेच आहे सर, भाडेकरू बदललेत! स्नायू जागा सोडून गेले आणि चरबी येऊन राहिली. आणि ही बया भांडखोर आहे म्हणे. गप्प बसत नाही, आतल्या आत कुरापती काढते. म्हणून अंगात सूज राहते. कार्टं! मैदानाला कधी एक धड फेरी मारली नाही, आता मला व्यायाम सांगतंय."

सर मोठ्याने हसले. "बरं, उठतो आता."

या वेळी वहिनींचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. सरांनी पंजा गादीवर रोवला. तो मनगटापर्यंत आत बुडाला. खांदे पुढे आले, मानेची शीर फुगली, मांड्या थरथरल्या, आणि सगळं परत मागे. सर लगेच पंख्याकडे बघून म्हणाले, "वारा छान येतो हं इथे."

आता वहिनींच्या लक्षात आलं. अगं बाई! हा माणूस चिकटून बसलेला नाही, अडकलाय. आणि हे आपल्याला कळू नये? आपल्याला! सोफा आला त्या दुपारी घरात कोणी नसताना त्या हौसेने त्यावर बसल्या होत्या. काही केल्या उठता येईना. शेवटी घसरत फरशीवर उतरल्या, रांगत टेबलापर्यंत गेल्या आणि त्याला धरून कशाबशा उभ्या राहिल्या. कुणापाशी चकार शब्द काढला नाही. तेव्हापासून त्या सोफ्याला लांबूनच हात जोडत.

सरांना हात द्यावा? हात दिला तर ते उठतील, पण पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाहीत. वहिनी त्यांना चांगल्या ओळखून होत्या.

त्या पुढे गेल्या आणि सरांच्या शेजारी धपकन बसल्या.

"अगं, तू?" ग्रंथपाल चक्रावले. "तुला तर कडक खुर्चीच बरी वाटते ना?"

"कसलं बरं वाटतंय! यात बसलं की मला उठता येत नाही. मागच्या वेळी रांगत सुटका करून घेतली मी."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. "रांगत?"

"रांगत. पार त्या टेबलापर्यंत."

"वहिनी," सर हळूच म्हणाले, "मीही मघापासून टेबलाकडेच बघतोय. पण तुमच्यासमोर रांगायचं म्हणजे..." पुढचं त्यांना हसण्यामुळे बोलता आलं नाही. किती वेळाने त्यांचे खांदे सैल पडले होते. वहिनींना फार बरं वाटलं.

ग्रंथपाल खुर्चीचे हात धरून उठले. "चला, द्या हात. जन्मभर पुस्तकांचे गठ्ठे उचललेला माणूस आहे मी!" दोघांनी हात दिले. पण ते गठ्ठे उचलल्याला फार दिवस झाले होते. ग्रंथपालांचा तोल गेला, ते कसेबसे वळले आणि बायकोच्या पलीकडे जाऊन आदळले. सोफ्याने त्यांनाही पोटात घेतलं. मग तिघंही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

तेवढ्यात बेल वाजली. पुन्हा वाजली.

"मुलगा आला," वहिनी म्हणाल्या. "किल्ली विसरला असणार."

"आई! बाबा! दार उघडा ना!"

सरांनी छाती भरून घेतली. "कोण आहे रे तिकडे?" आवाज मैदानावरचा, तसाच्या तसा.

बेल एकदम थांबली. मग, "मी... मी आहे सर."

"तिथेच उभा राहा! हलायचं नाही!"

"हो सर."

सरांनी वहिनींचा हात धरला. वहिनींनी दुसऱ्या हाताने नवऱ्याचा धरला. "पाय मागे घ्या. पुढे वाका. माझ्या आकड्यावर, तिघांनी एकदम. एक... दोन... तीन!"

तिघं उठले. निम्मेच. गुडघे कुरकुरले, क्षणभर सगळे अधांतरी राहिले, आणि धपाधप परत गादीत.

बाहेर मुलगा नक्की ताठ उभा असणार. सरांना धाप लागली होती. पण वहिनींचा हात त्यांनी सोडला नाही. घट्ट धरला, आणि खणखणीत आवाजात हुकूम सोडला,

"जैसे थे!"