आईसारखा नाही

कुकरचं झाकण उघडलं आणि फ्रिजवाल्याने कपाळावर हात मारला. केक पुन्हा मध्येच बसला होता. कडा वर, पोट खोल, एखाद्या जुन्या गादीसारखा.

"झाला का बाबा?" बाहेरून धाकट्याने विचारलं.

"झाला. म्हणजे, जे काय व्हायचं होतं ते झालं."

आठवडाभर लोकांचे बंद पडलेले फ्रिज चालू करून देणारा हा माणूस. पण मैदा, साखर आणि खायचा सोडा या तिघांपुढे त्याने हात टेकले होते. बायकोपासून वेगळं होऊन वर्ष होत आलं होतं. मुलं शाळेचे दिवस तिच्याकडे, शनिवार-रविवार याच्याकडे. दोन घरं चालवायची म्हणजे हॉटेल आणि बेकरी लांबूनच बघायची. मग शिळ्या पावाचं पुडिंग, उरल्यासुरल्या भाज्यांचं सूप, असं काहीबाही तो शिकला. काळी पडलेली केळी फळवाला जवळजवळ फुकटच द्यायचा. त्यांचा केक. कुकरची शिट्टी काढायची, तळाला मीठ पसरायचं, वर भांडं ठेवायचं. सोपं, असं सगळे म्हणायचे. सगळ्यांचं काय जातं!

त्याने खड्ड्यात दुधावरची साय भरली, वर केळ्याच्या चकत्या लावल्या आणि ताटली बाहेर नेली.

थोरलीने घास तोंडात घेतला. डोळे मिटून, परीक्षकासारखा चघळला.

"बरा आहे," ती म्हणाली. "पण आईसारखा नाही."

हे वाक्य आता त्याला पाठ झालं होतं. सूप केलं, आईसारखं नाही. पुडिंग केलं, आईसारखं नाही. साधं अंडं उकडलं, तरी धाकटा म्हणाला होता, आईचं जास्त गोल असतं.

"काय घालते तरी काय तुमची आई?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोण जाणे," थोरली म्हणाली. "मऊ असतो एवढं खरं."

"आणि बसत नाही," धाकट्याने भर घातली.

"मग काय, उभा राहून तुमची वाट बघतो?"

कोणी हसलं नाही. पण नावं ठेवता ठेवता दोघांनी ताटली चाटूनपुसून लख्ख केली होती. धाकटा तर आत जाऊन भांडंही खरवडून आला.

"आवडत नाही ना? मग खाता कशाला?"

"भूक लागलीय म्हणून," थोरली बोटं चोखत म्हणाली.

तो ओट्यापाशी जाऊन उगाच भांडी आपटत राहिला. एका छपराखाली होते तेव्हा त्या बाईने आयुष्यात कधी केक केला नव्हता. दोघंही कामावरून दमून यायचे, बाहेरून काहीतरी मागवायचे आणि उरलेली ताकद भांडणासाठी राखून ठेवायचे. वेगळी झाली आणि तिच्या हाताला चव आली? म्हणजे मध्ये अडसर होता तो आपलाच की काय? आणि मुलं मोठी होत होती. उद्या म्हणतील, रविवारीसुद्धा आईकडेच राहतो. एका बसलेल्या केकापायी.

"पुढच्या वेळी जरा कमी सोडा घालून बघ," थोरलीने बाहेरून सल्ला दिला.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिच्याकडेच खा ना मग! इथे येता कशाला?"

बोलून गेला आणि जीभ चावली. धाकट्याची हनुवटी थरथरायला लागली. थोरलीने ताटली उचलली, मोरीत ठेवली आणि नळ सोडला.

"तूच विचार ना तिला," त्याच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली. "फोन आहे ना तुझ्याकडे."

फोन होता. पण नवरा-बायकोचं बोलणं म्हणजे त्यावरचे मेसेज, 'निघालो' आणि 'खाली आलेत', बस. शेवटचं तोंडाने बोलले होते ते वकिलासमोर, आणि तेही वकिलाकडे बघून.

संध्याकाळी त्याने मुलांना तिच्या इमारतीखाली सोडलं. थोरली सरळ आत गेली. धाकटा पायरीवरून परत आला.

"पुढच्या शनिवारी केक करशील ना, बाबा?"

"आईसारखा नाही व्हायचा, राजा."

"तरी कर."

मुलं वर गेली. तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला. तो स्कूटरवर तसाच बसून राहिला, पायांशी हत्यारांची पिशवी. काय विचारणार? हसेल ती. साधा केक जमत नाही, मुलं काय सांभाळणार, म्हणेल. म्हणू दे. मुलं हातची जाण्यापेक्षा मान खाली गेलेली परवडली. त्याने नंबर लावला.

"काय झालं?" तिचा आवाज दचकलेला होता. "मुलं आलीत वर."

"हो, माहितीये. एक विचारायचं होतं." तो स्कूटरवरून उतरला. "रागावू नकोस. तू केकमध्ये काय घालतेस?"

आता हसेल, त्याला वाटलं.

"टोमणे मारायला फोन केलास?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चिरकला. "नाही जमत मला. गोळा होतो नुसता. मुलं रोज ऐकवतात, बाबासारखा नाही, बाबासारखा नाही. आत्ता दारात चपला काढताना थोरली म्हणाली, एकदा त्याला फोन करून विचार."