भिंतीपलीकडून

गल्लीतली भटकी कुत्री विषाचा पाव खाऊन मरू लागली, तशी शिवणवाल्या काकूंनी आपल्या भुऱ्याला एकच शिस्त लावली: काकूंच्या तोंडून ‘घे’ ऐकल्याशिवाय कशालाही तोंड लावायचं नाही.

नवऱ्याने बिस्किटं पुढे केली, लाडीगोडी लावून पाहिली. भुऱ्या ढिम्म.

“घ्या! या घरात आता कुत्रंही मला विचारत नाही.”

“अहो, आवाजात जरब लागते,” काकू हसल्या. “आता कुणी काही टाकू दे. मी निर्धास्त आहे.”

दुपारी त्या ओठांत टाचण्या धरून ब्लाउजला अस्तर लावत होत्या, तेव्हा अंगणातून त्यांचाच आवाज आला.

“भुऱ्या, घे राजा.”

त्यांनी खिडकीतून पाहिलं. भुऱ्यापुढे पावाचा तुकडा पडला होता. आवाज कुंपणाच्या भिंतीपलीकडून येत होता. तोच लाड, तीच जरब.

टाचण्या थुंकून काकू अंगणात धावल्या. “नको! भुऱ्या, सोड ते!”

भुऱ्याने मान वळवली आणि परक्या माणसावर गुरगुरावं तसा तो दात विचकून काकूंवर गुरगुरला.

“ओरडू दे तिला,” भिंतीपलीकडून त्यांचाच आवाज मायेने म्हणाला. “तू घे.”